ओळ दोनशे चौदा

कोपनहेगनहून परिपत्रक आलंय:
यंदाचं संकट तीन वर्षांचं असावं.
बेकारी अकरा टक्क्यांवर चढावी,
घरांच्या किमती एक तृतीयांशानं उतराव्यात,
आणि हे सगळं शुक्रवारी चारच्या आत पाठवावं.

मार्युन चष्मा पुसते.
तोर्शाव्हनच्या खिडकीबाहेर ऊन, पाऊस, गारा, पुन्हा ऊन,
एवढं सगळं पहिली कॉफी संपेपर्यंत.
अकरा टक्के बेकार.
आडनावं मोजायला बसली
तर संध्याकाळपर्यंत संपतील.

परिशिष्ट तीन: स्थानिक धोका बँकेनं स्वतः निवडावा.
तो कठोर असावा, पण संभाव्य वाटावा.
(असा तिचा एक गणिताचा मास्तर होता.)
ती लिहिते: सालमनला रोग.
आधी एक पिंजरा, मग शेजारचा, मग सबंध खाडी.
भाव चाळीस टक्क्यांनी खाली.
मग सूत्र धरून ती ओढत नेते
वरून खाली, वरून खाली,
आणि तिच्या बोटामागून कर्जं लाल होत येतात.

ओळ दोनशे चौदा.
नाव नाही, नियमानं झाकलंय.
पण सव्वीस पिंजरे, एक बोट,
तारणाला घर, घराच्या छपरावर गवत,
आणि ते गवत कापायला उन्हाळ्यात वर चढवलेली मेंढी
अख्ख्या खाडीत एकाचीच.
टुम्मस.
तिच्या धाकट्या बहिणीचा नवरा
दुसऱ्या वर्षाच्या तिसऱ्या तिमाहीत बुडाला.
घड्याळात सव्वादोन.
कुठे काही वाजलं नाही, फक्त प्रिंटर जागा झाला.

नियम पुढं सांगतो:
सगळेच एकदम घरं विकायला काढतील
तेव्हा घेणार कोण?
म्हणून तारणातून आणखी पंचवीस टक्के वजा करा.
तिनं वजा केले.
स्वयंपाकघरातली पिवळी फरशी गेली त्यात,
जी दोघी बहिणींनी गुडघे टेकून
एका रविवारी बसवली होती, थोडी वाकडी.

बँक मात्र वाचली.
आठच्या रेषेवर आठ पूर्णांक एक.
म्हणजे किती जागा?
एक माणूस तिरका होऊन निघेल, एवढी.

मग तिनं एक गोष्ट केली, जी ती कुणाला सांगणार नाही.
ओळ दोनशे चौदाचा वर्ग बदलला.
मत्स्यपालनाचं झालं 'इतर'.
टुम्मस वर आला, नाकातोंडातलं पाणी झटकत.
फरशी आली. मेंढी छपरावर.
आकडा आठ पूर्णांक चार, आणि मागच्या टेबलावरून हानुस म्हणाला,
वा, हे तर आणखी बरं दिसतंय.

एक मिनिट ती तशीच बसली.
ज्या बँकेत कुणाचेच मेहुणे बुडत नाहीत
ती बँक कशी बुडते
हे तिनं शाळकरी वयात पाहिलं होतं,
कुलूपबंद दारासमोर आईचा हात धरून.
तिनं मागं जायचं बटण दाबलं.
टुम्मस पुन्हा बुडाला.
या वेळी तिच्या हातानं.

संध्याकाळी जेवायला तो समोरच होता,
अंगाला माशांच्या खाद्याचा वास, भूक दोघांची.
म्हणाला, पुढच्या वर्षी आणखी चार पिंजरे टाकीन म्हणतो,
बँकेत तू आहेसच.
तिनं बटाटे पुढं सरकवले.
विमा भरलास?
तो हसला. बहीण हसली नाही.

निघताना तिला पोचवायला तो दारापर्यंत आला,
आणि बोलता बोलता वाकून
कचऱ्याचा डबा दोरानं खांबाला बांधू लागला,
दोन गाठी, मग तिसरी.
वारा मुळीच नव्हता.
येईलच की, तो म्हणाला.